सायन संपला

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी बोर्डावर लागावी लागते. मी सेक्रेटरी आहे. (हे पद मिळवायला काही करावं लागत नाही. ज्या सभेला आपण गैरहजर राहतो, त्या सभेत ते आपल्याला मिळतं.) नोटीस लावायची शेवटची रात्र होती, साडेदहा वाजले होते, आणि मुलुंडच्या आमच्या घरात प्रिंटर एका पानासाठी अडून बसला होता. पानावर मागील सभेचं इतिवृत्त, हिशेब, गच्चीची गळती, आयत्या वेळचे विषय. सगळं काळ्या अक्षरांत. काळ्या शाईचं कार्ट्रिज पाऊण भरलेलं.

मुलगी वाकून पडदा वाचत म्हणाली, "बाबा, सायन संपलाय."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "सायनला कोणाला ठेवलंय?"

आईचं चूक नाही. मुंबईत सायन म्हटलं की एक तर हॉस्पिटल आठवतं, नाहीतर पाणी. पावसाळ्यात शीव (सायनचंच मराठी नाव) आणि कुर्ल्याच्या मधे रुळांवर पाणी चढलं की कल्याणच्या माणसाने घरी फोन करून सांगायचं, आज उशीर होईल. कल्याणला बिचाऱ्या ऊन पडलेलं असतं. तिथे सायन भरलं म्हणून गाड्या थांबतात, इथे सायन, म्हणजे प्रिंटरची निळी शाई, रिकामा झाला म्हणून गळतीची नोटीस थांबली होती.

मी आधी सगळ्यांनी करून झालेले उपाय केले. बंद करून चालू केला. मुलीने सूर्यमालेच्या प्रोजेक्टसाठी 'फोटो पेपर' निवडून ठेवला होता, तो बदलून 'साधा कागद' केला. 'फक्त काळा' यावर टिचकी मारली. प्रिंटर मांडवात रुसलेल्या व्याह्यासारखा ढिम्म.

शेवटी मुलीच्या काळ्या जेल पेनाने नोटीस हातानेच लिहिली आणि जिन्याखालच्या बोर्डावर लावली. (सेक्रेटरी झाल्यापासून ही पहिलीच नोटीस, जी लोकांनी उभं राहून पूर्ण वाचली. बहुतेक अक्षर लागत नव्हतं म्हणून.) पण झोप उडाली ती उडालीच. मी आयुष्यात निळं काही छापलं नव्हतं, मग सायन गेला कुठे? आणि काळ्याला त्याचं काय एवढं?

रात्री वाचत बसलो. काळा हा दिसतो तितका एकटा नसतो. सायन, मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा समप्रमाणात मिसळले तर कागदावर काळा उतरायला हवा. प्रत्यक्षात पावसाळ्यातल्या डबक्यासारखा तपकिरी गढूळ रंग येतो. म्हणून चौथी, काळी शाई. पण उलटही खरं आहे. नुसत्या काळ्यापेक्षा त्यात थोडे रंग मिसळले तर तो जास्त गडद दिसतो. शिवाय बऱ्याच प्रिंटरांत काळ्या शाईत बारीक कण असतात, ते गुळगुळीत फोटो पेपरवर नीट धरत नाहीत. तिथे काळा रंग उरलेल्या तिघांकडूनच बनवून घेतात. म्हणजे मुलीच्या प्रोजेक्टमधलं काळंभोर अवकाश निम्म्याहून जास्त रंगीत असणार.

तरी हे फोटोचं झालं. साध्या कागदावरच्या 'गच्चीची गळती'ला सायन कशाला? ते उत्तर शाई फेकणाऱ्या डोक्यात आहे. काही प्रिंटरांत वीज दिली की एक स्फटिक वाकतो आणि शाईचा थेंब ढकलतो. माझ्या प्रिंटरात शाई चक्क उकळतात. केसाहून बारीक भोकामागे एक इवलीशी शेगडी असते, ती क्षणार्धात ३०० अंशांच्या आसपास तापते, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर उडतो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंगची काडी चुकून लागली, शाई पिचकारली, आणि त्यातून ही कल्पना निघाली असं सांगतात. या शेगडीला थंड कोण करतं, तर तीच शाई. शाई नसताना ती पेटली तर रिकाम्या कढईसारखी करपते. कढई बदलता येते. माझ्या प्रिंटरात डोकं आतच बसवलेलं आहे, ते बदलण्यापेक्षा लोक प्रिंटर बदलतात.

पण सायनची भोकं पेटवायची नसतील तर ती करपतील कशी, हा प्रश्न मला रात्री पावणेबाराला पडला. इथे साफसफाई येते. प्रिंटर चालू केल्यावर जे घर्र-खट्-घर्र चालतं, ते शाई सुकून भोकं बुजू नयेत म्हणून. एक छोटा पंप खालून सगळ्या भोकांतून शाई ओढतो आणि तळाच्या बोळ्यात सोडून देतो. तेव्हा 'हा काळा, तो निळा' असा भेद नसतो. घ्यायची तर चौघांकडून. त्यात एक कार्ट्रिज कोरडं असेल तर शाईऐवजी हवा आत जाते, आणि ती हवा काढणं हे शाई भरण्यापेक्षा जिकिरीचं.

म्हणजे मुलीचं प्रोजेक्ट सोडलं तर माझा सायन कागदावर गेलाच नव्हता, बोळ्यात गेला होता. आणि त्याला मीच कारण होतो! आमच्या घराण्याची रीत म्हणजे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद. दिवसाचं दहा पैशांचं वीजबिल वाचवायचं. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून तो नीट बंद केला तर डोकं कोपऱ्यात जाऊन टोपी घालून बसतं, शाई सुकत नाही. मी भिंतीवरून वीज तोडायचो, कधी तर डोकं वाटेत असतानाच, आणि दुसऱ्या दिवशी ते उघडं पडलेलं डोकं चार रंगांची आंघोळ करायचं. दहा पैसे वाचवून किती शाई न्हाणीत सोडली, याचा हिशेब वार्षिक सभेत मांडायचा नाही असं ठरवलं.

तरीही सगळं पटलं नाही. सायनचं 'रिकामं' कार्ट्रिज काढून खालून टिश्यू लावला, तर टपोरा निळा डाग उमटला. बोट तीन दिवस निळं होतं. माझा प्रिंटर आत डोकावून पाहत नाही, उडवलेले थेंब मोजतो आणि अंदाजाने म्हणतो संपलं. करपू नये म्हणून थोडी शाई राखूनही ठेवतो. ते समजू शकतो. पण काही प्रिंटर रंग संपल्यावरही थोडे दिवस फक्त काळ्यावर छापू देतात. म्हणजे ते अशक्य नाही, कुणीतरी तशी सोय ठेवावी लागते. माझ्यात ठेवलेली नाही. स्वस्तात प्रिंटर द्यायचा आणि शाईवर कमवायचं असा धंदा असेल तर कशाला ठेवतील? डोकं जपण्याचं कारण खरं आहे, आणि गल्ल्याचंही तितकंच.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने माझ्या निळ्या बोटाकडे पाहूनच विचारलं, "सायन? ओरिजिनल या कंपॅटिबल?" भाव ऐकून मी कंपॅटिबलकडे, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त कार्ट्रिजकडे, वळणार होतो, मग बोळा आठवला, कढई आठवली, आणि ओरिजिनल घेतलं. तो म्हणाला, "साहब, टँकवाला लेलो, बोतल से भरते रहो." बरोबर होतं त्याचं. पण घरचा प्रिंटर नीट चालत असताना दुसरा आणला असता तर आईने मलाच सायनला ठेवलं असतं.

ग्रँट रोडहून दादर, तिथून स्लो लोकल. माटुंगा गेलं. घोषणा झाली, "पुढील स्थानक, शीव." मग हिंदीत, "अगला स्टेशन, सायन." मी पिशवीत हात घालून खोकं चाचपलं. होतं.

शेजारचा माणूस उठत म्हणाला, "उतरताय ना?"

"नाही," म्हटलं, "घरी घेऊन चाललोय."

तो माझ्याकडे बघत बघत उतरला.