आधी मोरी

रेल्वेच्या इगतपुरीच्या गँगमध्ये, म्हणजे रूळ राखणाऱ्या टोळीत, माझी उमेदीची वर्षं गेली. थळ घाटाचा चढ १:३७. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. मागून बँकर इंजिन लावल्याशिवाय गाडी चढत नाही. म्हणून निवृत्तीनंतर नाशिकरोडच्या पुढच्या या बंद सायडिंगवर, म्हणजे कारखान्याकडे जाणाऱ्या फाट्यावर, पहिल्यांदा चाललो तेव्हा आधी पायांना कळलं, इथे चढ जवळजवळ नाहीच. कारखाना बंद पडला, रूळ भंगारात गेले, उरला फक्त भराव. गुडघे धरलेली माणसं इथे चालतील, व्हीलचेअरही जाईल, असं मी आमच्या रविवारच्या गटाला सांगितलं. जागामालकांनी लेखी परवानगी दिली आणि आम्ही चालायची वाट करायच्या कामाला लागलो.

बाभळी आणि घाणेरी तोडण्यात दोन महिने गेले. रुळाखालची गिट्टी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते. गाडीचं वजन ती छान पेलते, पण माणसाचा घोटा मुरगळतो. ती लोखंडी पंजाने ओढून बाजूला करायची आणि वर मुरूम दाबायचा, असं ठरलं. रुळाखाली आडवे टाकलेले जुने लाकडी ओंडके, म्हणजे स्लीपर, एकाने चहाच्या चुलीसाठी फोडायला घेतले, ते मी थांबवले. त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून लावलेलं डांबरी तेल, मुरलेलं असतं, तो धूर छातीत जाऊ नये.

जूनच्या पहिल्या रविवारी मुरमाचा ट्रॅक्टर आला आणि शेजारच्या वावरातले नाना भरावावर आडवे उभे राहिले.

"लाईन बंद झाल्यापासून दर पावसाळ्यात माझं सोयाबीन सडतं. आधी माझं पाणी काढा, मग तुमचा मुरूम टाका."

ते खरंच बोलत होते. एका बाजूला वावर ओलीने काळं, दुसऱ्या बाजूला कोरडा ओहोळ.

आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "काका, जेसीबी बोलवू. भरावाला आडवा चर मारला की तासाभरात मोकळं."

मी नको म्हणालो, आणि जरा मोठ्यानेच म्हणालो. भराव एकदा कापला की वाट तिथेच संपते. नाशिकला १८८९ पासून गावातून स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम चालायची. ती बंद पडली, रूळ उचलले, आणि तिची वाट रहदारीत विरून गेली. अमेरिकेत १९८३ साली कायद्यातच सोय केली आहे: बंद लाईनची पट्टी तुकडे न पाडता राखायची, तोवर तिच्यावर लोकांनी चालावं, सायकली फिरवाव्यात, आणि उद्या रेल्वेला लागली तर परत घ्यावी. सलग आहे म्हणून तर तिला किंमत आहे.

शिवाय मला दुसरंच वाटत होतं. ज्याने हा भराव घातला त्याने पाण्याला वाट ठेवलीच असणार. गँग असती तर पावसाळ्याआधी मोऱ्या, म्हणजे भरावाखालून पाणी जायच्या वाटा, साफ झाल्या असत्या. गँग गेली, मोरी बुजली.

वावराचा सगळ्यात खोलगट कोपरा नानांनी दाखवला. त्याच्या समोर, ओहोळाच्या बाजूने, घाणेरीत सब्बल मारत गेलो. चौथ्या ठिकाणी दगडाचा आवाज आला. घडीव दगड, खाली सिमेंटच्या पाईपाची कड, आत गच्च गाळ. मुरूम टाकायला आलेली अकरा माणसं दिवसभर फावडी आणि घमेली घेऊन बसली. उताराच्या बाजूनेच उकरायचं, वरून नाही, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. वरचं पाणी एकदम सुटलं तर आतला माणूस त्यात अडकतो.

साडेचारला आरपार उजेड दिसला. सगळे बाहेर आल्याची खात्री केली, तेव्हा नानांनी न सांगता विहिरीवरची मोटार चालू केली आणि पाईप वावराच्या कोपऱ्यात सोडला. आम्ही ओहोळात उभे राहून वाट बघत होतो. आधी काड्या आल्या, मग चॉकलेटी पाणी. माझे डोळे भरून आले.

मुरमाचा ट्रॅक्टर तसाच उभा होता. मोटार बंद करून नाना आले, ओंजळभर पाण्याने हात धुतले आणि म्हणाले, "पुढं माझ्या भावाच्या वावरापाशी अजून एक असंल. उजेड आहे तोवर चला, दाखवतो."