पैसे देऊन हरळी

मे महिन्यात ताईच्या लग्नाचा मांडव घराच्या लॉनवरच घातला होता. मांडव उतरला तेव्हा मधोमध खोलीएवढं टक्कल पडलेलं. पहिला पाऊस झाल्यावर बर्म्युडा ग्रासचं बी आणलं. अगदी बारीक, म्हणून वाळूत मिसळून फेकलं, पायाने दाबलं आणि ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी झारीने पाणी.

पाचव्याच दिवशी तरारून कोंब वर! मी लगेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर.

आज आई गावाहून आली. चहाचा कप हातात घेऊनच लॉनमध्ये गेली, वाकली, एक काडी तोडून माझ्या हातात दिली. "चिमटीत धरून फिरव."

फिरेना नीट. बोटांना तीन कडा लागत होत्या.

"लव्हाळा आहे हा. गवताची काडी अशी तिधारी नसते रे."

खुरप्याने खणलं तर खाली काळपट गाठ, तिला दोरा फुटून पुढे दुसरी. नुसतं वरून उपटलं की गाठ परत फुटते. (वास मात्र फर्मास, उटण्यातल्या नागरमोथ्यासारखा.) म्हणजे आठ-दहा दिवस मी निष्ठेने लव्हाळ्याला पाणी घालत होतो.

मग त्याच गर्दीत दोऱ्यासारखी नाजूक रोपं दिसली. पान काडीला मिळतं तिथे बारीक पांढरी लव. तेच माझं बर्म्युडा.

आईने चष्मा लावून पाहिलं. "अरे, ही तर हरळी! दूर्वा! तुझ्या आजोबांचा जन्म गेला शेतातली हरळी खणण्यात. कितीला आणलंस हे बी?"

अजून सांगितलेलं नाही.