प्लमच्या फांदीवर फुलांची जागा आधी सोडा

चिनी पद्धतीच्या शाईचित्रातला फुललेला प्लम बिघडतो तो बहुधा फुलांमुळे नाही, फांदीमुळे. फांदी सलग ओढायची आणि मग तिच्यावर फुलं बसवायची, हे इथे चालत नाही. काळ्यावर फिकी पाकळी दिसणारच नाही. म्हणून फांदी ओढतानाच मध्ये मध्ये कोरी जागा सोडायची.

शाईची कांडी सहाणेवर चंदन उगाळावं तशी सावकाश उगाळा. अर्धा चमचा पाणी पुरे. कालची शाई वापरू नका, तिच्यात कण धरतात. कुंचला ताठ केसांचा हवा. तो भिजवून निथळा, फिकी शाई पोटापर्यंत आणि दाट शाई फक्त टोकाला घ्या. जुन्या खोडासाठी कुंचला आडवा धरून झरझर ओढला की मधेमधे कागद पांढरा राहतो, साल खरखरीत दिसते. कोवळ्या डहाळीला मात्र कुंचला उभा धरायचा, खोडाकडून बाहेर, एका दमात. गवताच्या पात्यासारखं टोक निमुळतं झालं की डहाळी लुळी पडते.

पाकळी फिक्या शाईने, दोन अर्धगोल फटकाऱ्यांत. पाचही पाकळ्या सारख्या नकोत आणि सगळी फुलं समोर बघणारीही नकोत. कडेने दिसणाऱ्या फुलाला तीनच पाकळ्या पुरतात. चिनी चित्रकार यांग वूज्यो यांनी 1165 साली काढलेल्या चार चित्रांत प्लम न उमललेला, उमलू लागलेला, पूर्ण फुललेला आणि गळणारा असा दिसतो. एकाच फांदीवर कळ्या आणि फुलं मिसळताना ती चित्रं बघावीत.

पाकळ्या वाळल्याशिवाय केसर काढू नका. मधली रेघ लांब, बाजूच्या आखूड, आणि टोकांपाशी दाट शाईचे ठिपके. ते रेघांना अगदी चिकटले नाहीत तरी बिघडत नाही, उलट फूल हलकं राहतं. निदलाचे, म्हणजे पाकळ्यांखालच्या छोट्या दलांचे, गडद ठिपके शेवटी. देठ जवळजवळ नसतोच, फूल फांदीला बिलगून असतं. लांब देठ काढला की तो चेरी झाला. पानंही नकोत, प्लम पालवी येण्याआधी फुलतो.

कच्च्या श्वान कागदावर, म्हणजे शाई चटकन शोषणाऱ्या चिनी कागदावर, शाई फुटते ती कुंचल्यात पाणी जास्त झाल्यामुळे. आधी फालतू तुकड्यावर एक रेघ ओढून बघा आणि खाली लोकरीचं कापड घाला. शाई वाळल्यावर फिकी पडते, हे धरूनच चाला. ओल्या रेघेवर पुन्हा हात फिरवाल तर तिथे गढूळ डाग पडेल, आणि तो निघत नाही.