ओपन एनरोलमेंट: प्रीमियमआधी काय पाहायचं

ऑक्टोबर संपत आला की एचआरची मेल येते. ओपन एनरोलमेंट सुरू झालंय, दोन आठवड्यांत पुढच्या वर्षाच्या आरोग्य विम्याचा प्लॅन निवडा. अमेरिकेतले आपले बरेच लोक गेल्या वर्षीचाच प्लॅन पुढे चालू ठेवतात, कारण पोर्टलवर तीन रकाने आणि वीस ओळी असतात, पण एकही बेरीज नसते. ती आपणच करायची.

ती करायला हवी, कारण आकडे आता लहान राहिलेले नाहीत. केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत कंपनीमार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २६,९९३ डॉलर निघाला. त्यातले ६,८५० डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून जातात, बाकीचे कंपनी भरते. हा भार हलका करायला कंपन्या जास्त डिडक्टिबलचा (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला आपण भरायच्या रकमेचा) प्लॅन, म्हणजे एचडीएचपी, पुढे करतात आणि सोबत एचएसए, म्हणजे उपचारांच्या खर्चासाठी करमुक्त बचतीचं खातं, देतात. २००३ च्या मेडिकेअर कायद्यातून आलेलं हे खातं १ जानेवारी २००४ पासून सुरू झालं. ‘ग्राहकाच्या हाती निवड’ हे त्याचं गोंडस वर्णन. खरं तर पहिल्या काही हजार डॉलरांची जोखीम कंपनीकडून तुमच्याकडे आलेली असते. त्या बदल्यात किती पैसे मिळतात, एवढंच तपासायचं.

एक नमुन्याचा हिशेब करू. चौघांचं कुटुंब, पगार दर दोन आठवड्यांनी. पीपीओला, म्हणजे कमी डिडक्टिबलच्या नेहमीच्या प्लॅनला, दर पगारातून २६० डॉलर कापले जातात, वर्षाचे ६,७६०. डिडक्टिबल १,५००, त्यानंतर बिलाचे २० टक्के आपले आणि अशा खिशातल्या खर्चाची वर्षाची कमाल मर्यादा, म्हणजे आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम, ८,०००. एचडीएचपीला १३० डॉलर कापले जातात, वर्षाचे ३,३८०. डिडक्टिबल ४,०००, मग २० टक्के, कमाल मर्यादा ९,०००. शिवाय कंपनी एचएसएत १,५०० टाकते.

कोणी आजारीच पडलं नाही, तर पीपीओचे ६,७६० गेले आणि एचडीएचपीचे कंपनीची भर वजा करून १,८८०. सहा हजारांची बिलं आली, तर पीपीओत १,५०० अधिक ९००, प्रीमियम धरून ९,१६०. एचडीएचपीत ४,००० अधिक ४००, प्रीमियम मिळवून आणि १,५०० वजा करून ६,२८०. मोठं ऑपरेशन होऊन दोन्हीकडे कमाल मर्यादा गाठली, तर १४,७६० विरुद्ध १०,८८०. म्हणजे ‘आम्ही सतत डॉक्टरकडे जातो, आम्हाला पीपीओच बरा’ हे वाक्य इथे तिन्ही वेळा खोटं ठरतं.

पण प्रीमियममधला फरक दर पगाराला फक्त ४० डॉलर असेल आणि कंपनी एचएसएत काहीच टाकत नसेल, तर चित्र उलटं होतं. वर्षाला वाचले १,०४० आणि सहा हजारांच्या बिलांवर खिशातून जास्तीचे गेले २,०००. म्हणून दोनच आकडे आधी शोधा: प्रीमियममधला वर्षाचा फरक आणि कंपनीची भर. या दोघांची बेरीज दोन डिडक्टिबलमधल्या फरकापेक्षा मोठी असेल तर एचडीएचपी घ्यायला सहसा हरकत नसते. मात्र कमाल मर्यादांमधला फरकही एकदा पडताळून घ्या. कर वाचतो तो वेगळाच.

आणि तोही थोडाथोडका नाही. २०२६ साठी एचएसएची मर्यादा एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर आहे. ५५ पूर्ण झालेल्याला आणखी १,००० टाकता येतात. कंपनीची भर याच मर्यादेत मोजतात, हे विसरू नका. वरच्या उदाहरणात तुम्ही ७,२५० टाकू शकता. ते पगारातून वळते केले तर आयकराबरोबर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचतात. स्वतःच्या बँकेतून थेट भरले तर ते ७.६५ टक्के वाचत नाहीत. आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल आणि पगार सोशल सिक्युरिटीच्या मर्यादेच्या आत असेल तर साधारण २,१५० डॉलर राहतात. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं मात्र आपल्या राज्य आयकरात एचएसएची सवलत मानत नाहीत. आपली निम्मी मंडळी तिथेच राहतात की काय असं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता बिघडतं कुठे ते. सगळ्यात महागात पडणारी चूक नवरा-बायकोंच्या दोन कंपन्यांमध्ये दडलेली असते. तुम्ही एचडीएचपी घेऊन एचएसएत पैसे टाकताय आणि जोडीदाराने आपल्या कंपनीत साधं हेल्थ एफएसए, म्हणजे उपचारांसाठी पगारातून करमुक्त रक्कम बाजूला ठेवणारं कंपनीचं खातं, घेतलंय. त्या एफएसएतून तुमचाही खर्च भागू शकतो, म्हणून तुम्ही एचएसएसाठी अपात्र ठरता. तुम्ही त्यातला एक डॉलरही वापरला नसला तरी. चुकून टाकलेली रक्कम खात्यात राहील तितकी वर्षं दरवर्षी ६ टक्के दंड. टॅक्स रिटर्नच्या मुदतीआधी ती रक्कम आणि तिच्यावरची कमाई काढून घेतली की दंड टळतो. तसंच, गेल्या वर्षी स्वतःचं एफएसए होतं आणि त्यातले काही पैसे नव्या वर्षात कॅरीओव्हर झाले, तर एचएसएसाठी ते पूर्ण वर्ष गेलं. ३१ डिसेंबरआधी ते एफएसए शून्यावर आणा, किंवा दात आणि डोळ्यांपुरतं असलेलं लिमिटेड-पर्पज एफएसए मागा. पाळणाघरासाठीचं डिपेंडंट केअर एफएसए वेगळं, त्याने एचएसएला धक्का लागत नाही. २०२६ पासून त्याची मर्यादा ५,००० वरून ७,५०० झाली आहे.

दुसरी अडचण जानेवारीतली. डिडक्टिबल १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात १,४०० चा एमआरआय निघाला आणि एचएसएत एका पगाराचे २८० डॉलर असले, तर उरलेले खिशातून द्यावे लागतात. एफएसएत वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, एचएसएत जमा असेल तेवढीच. मात्र एचएसएतून परतफेड घ्यायला मुदत नाही. पावती आणि ईओबी (विमा कंपनीने किती भरलं आणि तुमचे किती, हे सांगणारा तिचा कागद) जपून ठेवा, पैसे सहा महिन्यांनी काढा नाहीतर दहा वर्षांनी. अट एकच, खर्च खातं सुरू झाल्यानंतरचा हवा. म्हणून प्लॅन लागू झाला की पहिल्याच आठवड्यात थोडे पैसे टाकून खातं चालू करून घ्या.

त्या एमआरआयबद्दलही एक सांगायचंय. हॉस्पिटलच्या आवारात आणि बाहेरच्या इमेजिंग सेंटरमध्ये त्याच तपासणीचा दर बराच वेगळा असतो. डिडक्टिबल पूर्ण होईपर्यंत तो फरक तुमच्याच खिशातला. डॉक्टरांच्या ऑफिसमधून सीपीटी कोड (त्या तपासणीचा ठरलेला क्रमांक) घ्या, विमा कंपनीच्या साइटवर दोन्हीकडचा दर पाहा, मगच अपॉइंटमेंट घ्या. आणि ईओबी येण्याआधी बिल भरू नका.

वार्षिक तपासणी फुकट, हे अर्धंच खरं. तपासणी चालू असताना ‘डॉक्टर, गुडघाही दुखतोय’ म्हटलं की त्याच भेटीवर दुसरा कोड चढू शकतो आणि एचडीएचपीत तो भाग डिडक्टिबलला जातो. आपल्याकडे हटकून सांगितल्या जाणाऱ्या व्हिटॅमिन डी आणि बी-१२ च्या तपासण्याही सहसा फुकटच्या यादीत नसतात. रक्त देण्याआधी विचारा.

कुटुंबाचं डिडक्टिबल कोणत्या प्रकारचं आहे तेही कागदात पाहा. एकत्रित प्रकारात एकट्या मुलाचं हाड मोडलं तरी पूर्ण ४,००० संपल्याशिवाय विमा पैसे देत नाही. एम्बेडेड प्रकारात प्रत्येकाची वेगळी पायरी असते, पण २०२६ मध्ये एचएसएला चालणाऱ्या कौटुंबिक प्लॅनमध्ये ती ३,४०० च्या खाली येऊ शकत नाही.

भारताबद्दल नेहमी विचारलं जातं. सुट्टीत पुण्यात रूट कॅनाल करून क्राउन बसवला, तर ते बिल एचएसएतून घेता येतं. पावतीवर रुग्णाचं नाव, तारीख आणि उपचार लिहून घ्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं तिथेच विकत घेऊन तिथेच घेतली आणि ती दोन्ही देशांत कायदेशीर असली तर चालतात. बॅगेत भरून आणलेली सहा महिन्यांची औषधं चालत नाहीत. पुण्यात राहणाऱ्या आईच्या मोतीबिंदूचं बिलही चालत नाही, कारण भारतात राहणारे, अमेरिकेचे नागरिक नसलेले लोक अमेरिकी कर कायद्यात तुमचे डिपेंडंट धरले जात नाहीत. अशा बिलासाठी पैसे काढले तर ६५ वर्षांखाली आयकर अधिक २० टक्के दंड. सांगलीच्या घराच्या डागडुजीसाठी काढले तरी शिक्षा तीच.

लहान कंपन्यांमध्ये आता आयसीएचआरए दिसू लागलंय. २०२० पासून मिळालेल्या या सोयीत कंपनी ठरलेली रक्कम देते आणि विमा तुम्ही बाजारातून घेता. २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे, म्हणजे सरकारी विमा बाजारातले, ब्राँझ (कमी प्रीमियमचे) प्लॅन एचएसएला चालतात, तेव्हा दोन्ही जुळवायची वाट मोकळी झाली आहे. पण आयसीएचआरएची रक्कम फक्त प्रीमियमसाठी असेल तरच. त्यातून औषधपाणीही भागत असेल तर एचएसएची पात्रता जाते.

नोकरी सुटली तर एचएसए तुमचंच राहतं, एफएसएतले उरलेले पैसे सहसा कंपनीकडे जातात. वीस किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवायचा हक्क, मिळतो, साधारण १८ महिने, पूर्ण प्रीमियमच्या १०२ टक्क्यांपर्यंत. विम्याचे प्रीमियम सहसा एचएसएतून भरता येत नाहीत, कोब्राचा मात्र येतो. तो घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस मिळतात आणि संरक्षण मागच्या तारखेपासून लागू होतं. एच-१बीवाल्यांना नवी नोकरी शोधायला मिळणारी मुदतही जास्तीत जास्त ६० दिवसांचीच असते, तेव्हा कोब्राचा फॉर्म लगेच भरू नका, पण फेकूनही देऊ नका. पन्नासाव्या दिवशी कोणी हॉस्पिटलात गेलं तरी तो भरता येतो. मधल्या महिन्यांचा प्रीमियम तेवढा द्यावा लागतो आणि पहिला हप्ता भरायला निवड केल्यापासून ४५ दिवस असतात.