डबा एवढासा, मॉनिटर दोन

माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर कुणाला दिसतच नाही. येणारे जाणारे मॉनिटरकडे बघतात, "अरे वा, दोन दोन कॉम्प्युटर!" म्हणतात, आणि खरा कॉम्प्युटर म्हणजे तो काळा चपटा डबा, मोठ्या मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने लावलेला, त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. कंपन्यांची लीज संपली की असे मिनी पीसी ढिगाने बाजारात येतात, मग कुणीतरी ते झाडूनपुसून, नवी एसएसडी टाकून रिफर्बिश्ड म्हणून विकतं. माझाही तसाच. आकार म्हणाल तर साधारण एक लिटर, म्हणजे खरंच ह्या पीसींचं माप लिटरमध्ये सांगतात, दूध मोजल्यासारखं. बहुतेक मॉनिटरच्या पाठीवर चार भोकं असतात, एकमेकांपासून १०० मिलिमीटरवर, लहान मॉनिटर असेल तर ७५ वर. व्हेसा नावाच्या संस्थेनं हे माप ठरवून दिलंय, त्यामुळे एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या मॉनिटरला बसतो. ह्या धंद्यात एवढी एकवाक्यता असलेली दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही, कारण त्याच मॉनिटरच्या खालच्या बाजूला, जिथे वायर लागते, तिथे मात्र जो तो आपापली पिन घेऊन बसलाय.

दोन मॉनिटर कशाला, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त सासऱ्यांनी विचारलाय. मी घरून छोट्या दुकानदारांचे हिशोब बघते, टॅली आणि जीएसटी. दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी येतो, म्हणजे आपल्याला माल विकणाऱ्यांनी कुठली कुठली बिलं भरलीत त्याची यादी, आणि २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचा असतो. मधल्या दिवसांत एकच काम, पोर्टलवरची बिलं आणि टॅलीतली बिलं जुळवत बसायचं. एका स्क्रीनवर हे करायचं म्हणजे पोर्टलवर बघायचं अठरा हजार चारशे बत्तीस, ऑल्ट-टॅब मारायचं, टॅलीत जायचं, आणि तिथे पोचेपर्यंत डोक्यात अठरा हजार चारशे तेवीस झालेलं असतं. परत मागे. आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली की तो आकडा गेलाच. दोन स्क्रीन शेजारी शेजारी असल्या की हे लक्षात ठेवणंच संपतं, मान थोडी डावीकडे वळवायची की आकडा तिथेच असतो, हलत नाही. लोक म्हणतात दुसऱ्या मॉनिटरने जागा वाढते. मला विचाराल तर जागेचं काही नाही हो, दुसरा मॉनिटर घ्यायचा तो डोकं रिकामं ठेवायला. सोळा टॅब उघडून ठेवायला घेतला तर मग उपयोग नाही, तेवढं तर एकावरही होतं.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, हे पटायला वेळ लागला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. दुसरा मॉनिटर पहिल्यांदा जोडला तेव्हा विंडोजनं दोन्हीकडे तेच चित्र दाखवलं. बाबा मागे उभे राहून बघत होते. "अगं, दोन्हीकडे तेच दिसतंय की. मग दोन कशाला?" अगदी रास्त प्रश्न. विंडोजचं बटण आणि पी दाबलं की बाजूला यादी येते, त्यात डुप्लिकेट असतं आणि एक्स्टेंड असतं, एक्स्टेंड केलं की दुसरी स्क्रीन एकदम मोकळी होते. बाबा म्हणाले, "ही तर रिकामीच झाली." म्हटलं, "बाबा, रिकामीच पाहिजे, आता त्यात टॅली टाकते." तो मॉनिटर त्यांचाच आहे खरं तर, जुना सतरा इंची चौकोनी, हल्लीच्या लांबट स्क्रीनसारखा नाही, १२८० बाय १०२४. तो विकायला काढला होता, मीच थांबवला. टॅलीला तो आकार फार छान, व्हाऊचरच्या ओळी जास्त दिसतात.

फक्त त्याला व्हीजीएशिवाय काही नाही. निळी पिन, तीन ओळींत पंधरा काड्या, दोन्ही बाजूला अंगठ्याने पिळायचे स्क्रू. आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेली पिन आहे ही, म्हणजे माझ्या बऱ्याच क्लायंटपेक्षा वयाने मोठी, आणि अजून चालू आहे. माझ्या डब्याच्या मागे बघितलं तर दोन डिस्प्लेपोर्ट, एक एचडीएमआय, व्हीजीए नाहीच. आणि नवीन मॉनिटर घेतला होता सत्तावीस इंची फोरके, त्याच्या खोक्यात वायर आली फक्त एचडीएमआयची. तर झालं असं की जुन्याला लागेल अशी पिन डब्याला नाही, आणि डब्याला ज्या पिना आहेत त्यातल्या चांगल्या दोनची वायर घरात नाही.

पुण्यात असाल तर यावर उपाय तपकीर गल्ली. बुधवार पेठेतली ती गल्ली, दोन्हीकडे दुकानं, बाहेर लटकणाऱ्या वायरींचे झुपके, आणि आत एक माणूस जो तुमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत विचारतो, "पीसीला काय, मॉनिटरला काय?" मला तो प्रश्न भारी आवडतो. कारण डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय वायर मागितली की वाटतं दोन टोकं आहेत, कसंही लावा, पण तसं नसतं. ती वायर एकाच दिशेने चालते, डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरकडे आणि एचडीएमआयचं टोक मॉनिटरकडे. उलट लावली तर काही जळत नाही, फक्त स्क्रीनवर नो सिग्नल येतं आणि माणूस मॉनिटरला शिव्या घालत बसतो. आणि व्हीजीएला नुसती वायर चालत नाही, तिथे कन्व्हर्टर पाहिजे ज्याच्या आत चिप असते, कारण ह्या बाजूला सगळं डिजिटल आणि त्या बाजूला ॲनालॉग. ऑनलाइन अगदी स्वस्तात नुसत्या पिना जोडलेल्या वायरीही मिळतात, बघायला हुबेहूब, चालत मात्र नाहीत. गल्लीतल्या माणसानं डिस्प्लेपोर्ट टू व्हीजीएचा बोटभर तुकडा काउंटरवर टाकला, "हा घ्या, चालणार." पुढे वाद घालायला जागाच नाही.

जुन्या मॉनिटरवर चित्र आलं पण अक्षरं किंचित पुसट, आणि डावीकडची पट्टी कापलेली. व्हीजीएच्या मॉनिटरला एक ऑटो नावाचं बटण असतं, आता नवीन पिढीला ते माहीतही नसेल. ते दाबलं की चित्र आधी उजवीकडे जातं, मग डावीकडे, जरासं फुगतं, आकसतं, आणि मग बरोबर जागेवर येऊन बसतं, अक्षरं एकदम टोकदार. मी ते उगाचच परत दाबून बघते कधी कधी.

फोरकेचं प्रकरण वेगळं. खोक्यातली एचडीएमआय लावली, चित्र सुंदर आलं, फोटो बघितला तर काय सांगू. पण माऊस हलवला की तो दह्यातून चालल्यासारखा. घरातलं मत पडलं की डबा जुना आहे, मॉनिटर त्याला झेपत नाही. भाच्याने फोनवरच सांगितलं, "मावशी, डिस्प्ले सेटिंगमध्ये जा, ॲडव्हान्स्डमध्ये, हर्ट्झ किती दिसतंय बघ." तिथे तीस लिहिलेलं. म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं, साठ पाहिजेत. तो म्हणाला एचडीएमआय सोड, डिस्प्लेपोर्टची वायर आण.

आता हे का, ते मला स्वस्थ बसू देईना, शेवटी हिशोबाचंच काम माझं. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, म्हणजे एका चित्राला जवळजवळ २० कोटी. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे ११९४ कोटी बिट दर सेकंदाला त्या वायरीतून जायला हवेत. अशा जुन्या मिनी पीसींवर एचडीएमआय बहुतेक १.४ असतं, २००९ सालचं, त्यातून चित्राचा जो माल जातो तो ८१६ कोटीपर्यंत. मग साठ बसतच नाहीत, तीस बसतात, ५९७ कोटीत काम होतं. तिथेच बाजूला असलेला डिस्प्लेपोर्ट १.२ हा १७२८ कोटी नेतो, आरामात. म्हणजे डब्यात ताकद होती, मॉनिटरमध्येही होती, मधला रस्ता अरुंद होता. दुकानात मॉनिटर दाखवताना हे कुणी सांगत नाही, आणि खोक्यावर फोरके एवढंच मोठ्या अक्षरात. माझं स्पष्ट मत आहे, मिनी पीसी घेताना प्रोसेसर आणि रॅमच्या आधी त्याची पाठ बघावी. फोटोत पुढची बाजू दाखवतात, तिथे बघण्यासारखं काही नसतं.

डिस्प्लेपोर्टची वायर आली, माऊस सुटला. ही पिन लावताना सोपी, काढताना मात्र तिला दोन बारीक आकडे असतात, ते आत अडकतात, वरचं बटण दाबल्याशिवाय निघत नाही. डबा मॉनिटरच्या मागे, हात टेबल आणि भिंतीच्या फटीत, दिसत काहीच नाही, नुसतं बोटांनी चाचपत ते बटण शोधायचं. ओढून काढायचा मोह होतो, करू नये.

मॅकवाल्यांचं वाटलं होतं बरं असेल. भावाकडे मॅक मिनी आहे, २०२४ चा, एमफोर चिपचा, पाच इंच बाय पाच इंच, हातात मावतो, आणि चालू करायचं बटण चक्क पोटाखाली, उचलल्याशिवाय सापडत नाही. त्याला तीन मॉनिटर लागतात, दोन किंवा तीन टाइप-सी मधून आणि हवा तर एक एचडीएमआयमधून. २०२० च्या एमवन चिपच्या मॅक मिनीला दोनच लागायचे, त्यातला एक एचडीएमआयलाच लावायला लागायचा. पहिला मॅक मिनी स्टीव्ह जॉब्सनं जानेवारी २००५ मध्ये आणला तेव्हा ४९९ डॉलरला नुसता डबा, मॉनिटर कीबोर्ड माऊस तुमचे तुम्ही आणा, असं सरळ सांगून विकला होता. ते एक बरं, निदान प्रामाणिकपणा होता. पण भावाला एका मॉनिटरमधून दुसऱ्या मॉनिटरला वायर काढून साखळी करायची होती, डिस्प्लेपोर्टमध्ये ती सोय असते, विंडोजवर चालते, मॅकवर दोन्ही मॉनिटर एकसारखेच दिसतात. लाखाच्या घरात पैसे घालून बाबांचाच प्रश्न, दोन्हीकडे तेच, मग दोन कशाला.

वायरींचं निस्तरलं की वाटतं झालं, पण मग कळतं की कॉम्प्युटरला कोणता मॉनिटर कुठे ठेवलाय हे माहीतच नसतं. माझा चौकोनी डावीकडे, पण सेटिंगमध्ये तो उजवीकडे. मग माऊस डावीकडे नेला की भिंतीला थडकतो, आणि उजवीकडून बाहेर पडून डावीकडच्या स्क्रीनवर उगवतो. आयडेंटिफाय दाबलं की दोन्हीवर मोठे १ आणि २ येतात, मग ते चौकोन ओढून जागेवर बसवायचे. त्यातही एक मॉनिटर दाट ठिपक्यांचा आणि एक विरळ, त्यामुळे खिडकी इकडून तिकडे ओढताना मध्येच फुगते, आणि वरच्या कोपऱ्यात माऊस अडतो, कारण त्या उंचीला पलीकडे स्क्रीनच नाही. मी आता ओढतच नाही, विंडोज, शिफ्ट आणि बाण, खिडकी उडी मारून पलीकडे. बाबांना ते दाखवलं तर त्यांना मॉनिटरपेक्षा ते जास्त आवडलं, मधूनमधून येऊन सांगतात, "ती उडी मार बघू."

आणि लाईट. डबा छोटा म्हणून वाटतं एक प्लग पुरेल. त्याचा ॲडॉप्टर विटेएवढा, नव्या मॉनिटरचा ॲडॉप्टर वेगळा, जुन्याची आपली जाड काळी वायर, राउटर आहेच. एक्स्टेंशन बोर्डात एक ॲडॉप्टर लावला की तो शेजारच्या दोन भोकांवर पसरून बसतो. गुरुवारी महावितरणचं काम निघालं की सगळं यूपीएसवर, तेव्हा मी मोठा मॉनिटर बंद करते, आणि डिस्प्लेपोर्टची गंमत अशी की मॉनिटर बंद केला की विंडोजला वाटतं तो काढूनच टाकला, त्यावरच्या सगळ्या खिडक्या धावत चौकोनी स्क्रीनवर येऊन गर्दी करतात. विंडोज ११ मध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची टिक आहे, ती केल्यापासून लाईट आल्यावर बहुतेक जणी आपापल्या घरी परत जातात. कॅल्क्युलेटर मात्र दर वेळी भलतीकडेच सापडतो.

एचडीएमआयचं भोक अजून रिकामं आहे आणि हे नवऱ्याच्या लक्षात आलंय. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर तीन स्क्रीन चालतात, हे त्याने कुठूनतरी वाचून काढलं. "अगं, तिसरा लावू ना, मॅच बघता येईल, तुझं कामही चालू राहील." मी म्हटलं लाव, पण तुझ्या टेबलावर, आणि डब्यापासून तिथपर्यंत वायर किती मीटर लागेल ते तपकीर गल्लीत तूच जाऊन सांग. त्याने टेप काढून मोजायला घेतलंय.