तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनेजमेंटमध्ये कम्प्युटर कशाला?

‘कम्प्युटरच शिकायचा होता, तर सरळ कम्प्युटर सायन्स का नाही घेतलंत?’ हे तंत्रज्ञानवाले विचारतात. ‘मॅनेजमेंट करत होतात ना, मग मध्येच डेटाबेस कशाला?’ हे बाकीचे. मुलाखतीत विचारतात, नातेवाईक विचारतात आणि अलीकडे सल्ला मागायला येणारी मुलंही विचारतात, जरा चाचरत. माझी पदवी मॅनेजमेंट आणि कम्प्युटर एकत्र शिकवणारी, म्हणून हे प्रश्न. आजवर मी वेळ मारून नेत आले. आता एकदा नीट सांगते.

विद्यार्थी असताना माझं उत्तर ठरलेलं होतं: ‘दोन्हीकडचं चांगलं ते मिळतं.’ माहितीपत्रकातलं वाक्य तोंडात बसलं होतं. आज ते ऐकवत नाही. एका सत्रात प्रोग्रामिंगची तोंडओळख, पुढच्या सत्रात डेटाबेस, मग सिस्टिम अॅनालिसिस, आणि त्याच वेळी कॉस्टिंग, मार्केटिंग, कंपनी कायदा. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आतून कसा चालतो हे मला धड समजावून देता येणार नाही. ताळेबंदावरून सीएशी वाद घालायची माझी तयारी नाही. हे सगळं मान्य.

पण म्हणून हा विषय म्हणजे मॅनेजमेंटवर चिकटवलेली कम्प्युटरची पट्टी आहे, हे मान्य नाही. धंद्याच्या रोजच्या कामाला जुंपलेला पहिला संगणक, लिओ, १९५१ मध्ये इंग्लंडात कामाला लागला. तो बांधून घेतला होता जे. लायन्स या चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणाऱ्या कंपनीने. पाव-केकचा हिशेब वेळेवर लागावा ही गरज आधी, यंत्र नंतर. आणि कम्प्युटर सायन्सची मुलं डेटाबेसच्या पहिल्याच सत्रात जी एंटिटी-रिलेशनशिप आकृती काढतात (कशाकशाची नोंद ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे दाखवणारी), ती पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली तेव्हा ते एमआयटीच्या मॅनेजमेंट स्कूलमध्ये शिकवत होते. हे मी ऐकवते तेव्हा आवाज चढतो, मला ठाऊक आहे. चढू दे.

खरं तर या शिक्षणातून मला जे मिळालं ते दोन तासांच्या मधल्या जागेत मिळालं. डेटाबेसच्या तासाला संगणकशास्त्रज्ञ कॉड यांचं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत, आणि नॉर्मलायझेशन: एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवा, दोन ठिकाणी लिहिलीत तर आज ना उद्या दोन नोंदी वेगळं बोलतील. त्यानंतरच्या अकाउंट्सच्या तासाला दुहेरी नोंद पद्धत, इटलीतले गणिती पाचोली यांनी १४९४ मध्ये छापून मांडलेली: प्रत्येक व्यवहार दोनदा लिहा, एकदा नावे, एकदा जमा, म्हणजे चूक झाली तर दोन बाजू जुळणार नाहीत आणि ती उघडी पडेल. एक शास्त्र विसंगती टाळायला सांगतं, दुसरं ती दिसावी म्हणून मुद्दाम जागा ठेवतं. दोन्ही शिक्षकांना मी हे विचारलं. दोघांनीही ‘तो वेगळा विषय आहे’ म्हणून सोडून दिलं. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही.

शेवटच्या वर्षी मी एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी होते. साठ्याची नवी प्रणाली बसून काही महिने झाले होते. मोजणी झाली आणि स्टोअरमध्ये माल कमी भरला. बेअरिंग, सील, कटिंग टूल. लहान, महागडा, खिशात मावणारा माल. स्टोअर सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, सगळे त्यांना काका म्हणायचे. तोंडावर कुणी चोर म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सुटताना गेटवर त्यांची डब्याची पिशवी तपासायला लागले. फक्त त्यांची. त्यांनी ती दोन्ही हातांनी उघडून धरली तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते.

बैठकीत सॉफ्टवेअरवाल्याने लॉग, म्हणजे प्रणालीने आपोआप ठेवलेली कामाची नोंद, दाखवला: प्रोग्राम चोख चाललाय. त्याचं बरोबर होतं. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, डेबिट नोट (परत केलेल्या मालाची रक्कम पुरवठादाराच्या नावे टाकणारा कागद) मंजूर झाल्याशिवाय पुरवठादाराला परत गेलेला माल पुस्तकातून कमी करता येत नाही. तिथल्या नियमाप्रमाणे त्यांचंही बरोबर होतं. आणि ही दोन बरोबर वाक्यं एकमेकांना लावून बघायला कुणी तयार नव्हतं. आलेला माल लगेच प्रणालीत जमा होत होता. तपासणीत नापास झालेला माल कागदी गेटपासवर परत जात होता, आणि त्याची डेबिट नोट महिनाअखेरीला, कधी त्याहून उशिरा निघत होती. तोवर तो माल स्क्रीनवर काकांच्या ताब्यात आणि प्रत्यक्षात पुरवठादाराकडे. जुन्या रजिस्टरात काका जावक त्याच दिवशी लिहायचे. नव्या प्रणालीत त्यांना तो अधिकारच दिलेला नव्हता.

गेटपासच्या कार्बन प्रती मात्र त्यांनी जपल्या होत्या, एका खोक्यात, तारखेवारी. ‘लागतील कधीतरी असं वाटलं होतं बाळा,’ एवढंच म्हणाले. आम्ही खाली बसून एकेक पास फरकाच्या यादीशी ताडत गेलो. निळी शाई इतकी फिकी की काही आकडे उजेडाकडे धरून वाचावे लागले. बहुतेक जुळलं. सगळं नाही. काही नगांचा पत्ता लागला नाही आणि वरच्यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या नगांवर. काकांची दुसऱ्या विभागात बदली झाली. माफी कुणी मागितली नाही. प्रणालीत नापास मालासाठी वेगळं कोठार उघडण्यात आलं, आणि त्या सुधारणेबद्दल माझ्या प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. तो अहवाल मी नंतर कधी उघडला नाही.

त्या कार्बन प्रती ही दुसरी नोंद होती. प्रणाली आखणाऱ्याने ती फालतू समजून काढून टाकली होती.

पुढे ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रणालीबद्दल वाचलं तेव्हा रात्रभर डोळा लागला नाही. १९९९ पासून बसवलेली ती प्रणाली पोस्ट चालवणाऱ्यांच्या हिशेबात तूट दाखवत राहिली, आणि ९०० हून अधिक जणांवर गुन्हे शाबीत झाले. प्रणालीत दोष आहेत हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये खास कायदा करावा लागला. तिथे सॉफ्टवेअरच सदोष होतं. आमच्याकडे नव्हतं. मला जास्त भीती आमच्या प्रकाराची वाटते, कारण त्यात दुरुस्त करायला बगही सापडत नाही.

माझा एक इंजिनिअर मित्र म्हणतो, हे कुठल्याही चौकस माणसाला दिसलं असतं, त्याला पदवी कशाला? असेलही. जुन्या पद्धतीच्या एखाद्या मुनीमाला माझ्याआधी दिसलं असतं, हे तर मी स्वतःच म्हणते. पण त्या खोलीत चौकस माणसं होती आणि त्यांना दिसलं नव्हतं. यातून माझ्या पदवीची बाजू सिद्ध होते का? होत नाही. मला काकांचं नाव पूर्ण साफ करता आलं नाही, मी पूर्ण इंजिनिअर किंवा पूर्ण अकाउंटंट असते तर ते करता आलं असतं का, हेही मला सांगता येत नाही.

माझी मावसबहीण यंदा हाच विषय घ्यायचा म्हणतेय. तिला सांगितलंय, घेतलास तर प्रोग्रामिंगचा एक जादा पेपर घे, कॉस्टिंग टाळू नकोस, आणि प्रशिक्षणाला गेलीस की ऑफिसात बसायच्या आधी स्टोअरमध्ये जाऊन बस. घ्यावाच का, असं तिने परवा पुन्हा विचारलं. त्यावर माझं उत्तर अजून तयार नाही.