आमची वाटचाल : गुजरीतल्या खड्यांपासून खाणीतल्या स्फटिकांपर्यंत

कोल्हापुरात आमचं काम सुरू झालं ते गुजरीतल्या आणि हुपरीच्या चांदी कारागिरांना खडे पुरवण्यापासून. आता कॉलेजांना आणि संग्राहकांना खनिजांचे नमुनेही देतो. माल वाढला, पण तपासणीचा क्रम तोच राहिला : आधी कठिणता, मग पाटन (ठरावीक दिशेने सपाट फुटणं), चकाकी, आणि रंग सगळ्यात शेवटी.

रंग फसवतो. अ‍ॅमेथिस्ट म्हणजे क्वार्ट्झच, आपली गारगोटी. त्यातलं किंचित लोह आणि नैसर्गिक किरणोत्सार यांमुळे तो जांभळा दिसतो. भट्टीत ४५० अंशांच्या आसपास तापवला की बहुधा पिवळा होतो आणि सिट्रिन, म्हणजे पिवळं क्वार्ट्झ, म्हणून खपतो. असा खडा आम्हीही विकतो, मात्र बिलावर 'तापवलेला' असं लिहून. ते लिहिलंच पाहिजे.

नमुन्यांची खाण म्हणजे आपला दख्खनचा काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हनसाइट निळा असतो तो व्हॅनेडियममुळे.

माल बिघडतो तो बहुतेक साफसफाईत. कॅल्साइट काढायला मीठाचं (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिड ओतलं, तर स्टिल्बाइटची चकाकीही जाते. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारख्या झिओलाइट गटातल्या खनिजांना साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. लोहाचे तांबडे डाग असतील तर फक्त क्वार्ट्झसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड : लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, हातमोजे घालून, प्लास्टिकच्या भांड्यात, रात्रभर. हे विषारी आहे, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. पाणी बोअरचं जड असेल तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा थर बसतो आणि तो सहजी निघत नाही. म्हणून डिस्टिल्ड पाणीच. नंतर पाणी बदलत दोन-तीन दिवस भिजत ठेवायचं.

अ‍ॅपोफिलाइटच्या रचनेतच पाणी असतं आणि तो एका दिशेने सहज फुटतो. त्यामुळे त्याला कंपनांनी साफ करणारं अल्ट्रासोनिक मशीन नको, आच नको. दागिन्यात बसवायचाच असेल तर झाळकाम आधी पूर्ण करून, चांदी गार झाल्यावर. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे तर ब्रशनेही चपटे होतात. हा नमुना आम्ही धूत नाही; डबीच्या तळाला खडकाची बाजू चिकटवून, वर मोकळी जागा ठेवून पाठवतो.